जब्दीच्या होडीत मजूर होते

‘मुलगा तोंडावर नाही म्हणतो, मिस्सालाही (चर्चमधल्या उपासनेलाही) टाळाटाळ करतो. त्याची श्रद्धा गेली का हो?’ मालवण-वेंगुर्ल्याकडच्या ख्रिस्ती घरांतून हा प्रश्न समुपदेशनासाठी माझ्याकडे सारखा येतो. विचारते बहुतेक वेळा आई. एका जूनमध्ये मात्र बापूस स्वतः आला, वीस वर्षांच्या मुलाला पुढे घालून. जून-जुलैत यंत्राच्या होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हाच काय ते बापेमाणसं आमच्याकडे सापडतात. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

‘हो माझो एक शब्द ऐकणा नाय. आवशी-बापाशीचा ऐका, असा बायबलात लिवलेला आसा ना?’

आहेच. पौलाचं इफिसकरांस पत्र, सहावा अध्याय. तिथेच तीन ओळी खाली बापांनाही सांगितलंय, की मुलांना चिडवू नका. मी ते लगेच वाचून दाखवलं आणि चुकले. माणूस खुर्चीत ताठ झाला, तासभर ‘होय मॅडम, नाय मॅडम’ एवढंच. मुलगा मनातून खूश. एकाची बाजू घेतल्यावर दुसरा कशाला बोलेल?

पुढच्या खेपेला मी लूकच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय काढला. पुढे येशूचा शिष्य झालेल्या पेत्र या कोळ्याने रात्रभर कष्ट केलेत, हाताला मासळी नाही, काठावर जाळी धुणं चाललंय आणि येशू म्हणतो, खोल पाण्यात जा, जाळी टाका. इथे मी थांबले. त्या काळची जाळी जवसाच्या सुताची, धुऊन वाळवली नाहीत तर कुजायची. हे पुस्तकातून मला माहीत होतं. त्याला न वाचताच कळलं.

‘धुतलेला जाळा परत टाकूक सांगल्यार कोणाकय राग येतलो.’ मग स्वतःशीच हसला. ‘तो बोललो असतलोच काय तरी.’

बोललाच होता. ‘आम्ही रात्रभर मेहनत केली, काही मिळालं नाही’ हे आधी आणि ‘तरी तुमच्या शब्दावरून टाकतो’ हे नंतर. पेत्राची कुरकुर शुभवर्तमानात तशीच ठेवलीय, कोणी खोडली नाही. मत्तय 21 मध्ये येशूने सांगितलेल्या दाखल्यातला द्राक्षमळ्यात जायला ‘नाही’ म्हणणारा मुलगाही नंतर गेला. ‘जातो’ म्हणणारा गेलाच नाही. तोंडी नकारावरून मी तरी कुणाची श्रद्धा मोजत नाही.

तेवढ्यात मुलगा बोलला. त्याला आयटीआयनंतर गोव्यात एसी दुरुस्तीचं काम मिळत होतं. ‘याकोब आणि योहान येशूमागे जाताना बापाला, जब्दीला, होडीत सोडूनच गेले ना? त्यांना कोण काही बोलत नाही.’

मला वाटलं, आता भडका उडणार. बापूस बराच वेळ आपल्या तळव्याकडे बघत राहिला. दोरीने चिरलेल्या जुन्या रेघांत ग्रीस बसलेलं होतं.

‘जब्दीवांगडा मजूर तरी होते,’ तो म्हणाला. ‘माझ्यावांगडा कोण आसा?’

मार्कचं शुभवर्तमान, 1:20. मजुरांचा उल्लेख खरंच आहे तिथे; इतकी वर्षं वाचूनही माझ्या डोळ्यांत तो कधी भरला नव्हता. या माणसाचा खलाशी गेल्या हंगामात उचल घेऊन गेला तो परतलाच नव्हता. ऑगस्टमध्ये एकट्याने होडी कशी काढायची, हे सांगायची लाज वाटत होती. म्हणून पौलाचं पत्र पुढे केलं होतं. आज्ञाधारकपणाच्या तक्रारीखाली असं काहीतरी निघतं, हे मी अनेकदा पाहिलंय: कधी कर्ज, कधी दुखणं, कधी नुसती एकटेपणाची धास्ती.

मुलगा एकदम गप्प झाला. त्याला हे घरात कुणी सांगितलंच नव्हतं.

मिस्साचा विषय मी त्या दिवशी काढला नाही. घाई नव्हती.

जुलैअखेर दोघं परत आले. या वेळी बापूस माझ्याकडे न बघता मुलाकडे वळला.

‘किती दिस येतलंस?’

‘नाताळापर्यंत. तोपर्यंत खलाशी बघया. उचल मात्र अर्धीच द्यायची.’

‘अर्धी कोण घेता रे?’ बापूस म्हणाला, आणि माझ्या टेबलावरच दोघांचा हिशेब सुरू झाला.