मराठी एसएमएस दुप्पट का पडतो?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारे सभासद आहेत. सभेची सूचना एसएमएसनं पाठवतो. इंग्रजीत पाठवली की एका संदेशाचं बिल येतं, तेवढाच मजकूर मराठीत लिहिला की दोनाचं. अध्यक्ष म्हणतात, कन्नड राज्यभाषा असल्यामुळे तिला सवलत असणार, तिच्यातच पाठवा. खरं आहे का?
– सचिव, एक पतसंस्था, खानापूर तालुका

उत्तर : सचिवसाहेब, अध्यक्षांना नमस्कार सांगा आणि सवलत नाही म्हणूनही सांगा. टेलिफोन खात्यात नोकरी काढलेला माणूस सांगतोय म्हणावं.

एसएमएस हा बोलण्याच्या वाटेनं जात नाही. फोन आणि टॉवर एकमेकांना खाणाखुणा करतात, त्या वाटेनं जातो, आणि तिथं एका खेपेला १४० बाइट एवढीच जागा. एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणजे ११२० बिट. इंग्रजी अक्षराला ७ बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरं बसतात. एसएमएससाठी ठरवलेल्या त्या ७ बिटांच्या अक्षरतक्त्यात देवनागरी नाहीच. तिच्या प्रत्येक चिन्हाला १६ बिट, म्हणून ७०. कन्नडलाही ७०च. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारं मानक, त्यात आपला ‘क’ २३२५ क्रमांकावर, कन्नडचा ३२२१ वर, फरक ८९६. ‘ळ’ घ्या, २३५५ आणि ३२५१. पुन्हा ८९६च, बघा की! इस्की या भारतीय मानकात तर दोन्ही लिप्यांच्या ‘क’ला एकच क्रमांक होता. युनिकोडनं लिप्या वेगळ्या केल्या, क्रम तोच ठेवला.

आता मोजणी. इथं बहुतेकांचा हिशेब चुकतो, कारण आपण डोळ्यांनी अक्षर मोजतो आणि यंत्र काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं सुटं मोजतं. ‘सर्व’ दिसायला दोन अक्षरं, पण स, र, हलन्त, व अशा चार जागा. तुमची सूचना मी मोजली : ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा रविवारी सकाळी ११ वाजता होईल.’ मोकळ्या जागा धरून ९३. सत्तरच्या वर गेलं की संदेशाचे तुकडे पडतात. कितव्यातला कितवा तुकडा, हे लिहायला प्रत्येकात ६ बाइट जातात, म्हणून मग एका तुकड्यात ६७च चिन्हं. तुमचे दोन तुकडे, बिल दोनाचं.

‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की’ ह्या सरकारी थाटालाच ३३ जागा गेल्या. सभासदाच्या फोनवरच येतंय की वो, त्यालाच कळवणार! ते काढा, ६० उरतात. ‘होईल’च्या आधी ‘कार्यालयात’ घाला, ७१ होतात. एकानं हुकलं. शेवटचा पूर्णविराम काढा, बरोबर ७०.

इंग्रजी संदेशातही एक खोडी आहे. त्या ७ बिटांच्या तक्त्यात पाउंड आहे, येन आहे, रुपयाचं चिन्ह नाही. ते चिन्ह आलं २०१० साली, तक्ता त्याच्या कितीतरी आधीचा. हप्त्याच्या आठवणीत ते एकदा जरी टाकलंत तरी अख्खा संदेश १६ बिटांवर जातो आणि १६० चे ७० होतात. इंग्रजीत आर आणि एस ही दोन अक्षरं लिहा. वर्डमधून उचललेली वळणदार अवतरणचिन्हंही हाच घोळ करतात.

मजकूर बदललात की टेम्प्लेट, म्हणजे आधी मंजूर करून घेतलेला संदेशाचा साचा, पुन्हा मंजूर करून घ्यावं लागेल. वार आणि वेळ यांच्या जागा त्यात बदलत्या ठेवा, म्हणजे पुढच्या सभेला परत अर्ज नको. आणि सभा मंगळवारी ठेवू नका. ‘रविवारी’ला सात जागा लागतात, ‘मंगळवारी’ला आठ.