चौक, रॅम्प आणि हरकती-सूचना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या मुख्य रस्त्याच्या फेररचनेसाठी जनसुनावणी आहे. आराखडा तयार आहे, निविदाही निघायच्या बेतात आहे म्हणे. तिथे जाऊन काही उपयोग?

थोडाच. निविदेपर्यंत गाडी पोचली की लेनची रुंदी, चौकाचा आकार, लागणारी जमीन हे सगळं ठरलेलं असतं. हलवता येतात ती झाडं, बाक, दिव्याचे खांब, फार तर एखादा बसथांबा. अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाशी लोकांना नुसतं गुंडाळणं, माथ्यावर निर्णयच लोकांच्या हाती. तुमची सुनावणी तिसऱ्या पायरीवरची दिसते, म्हणजे फक्त माहिती देण्याची.

तरी जा, आणि तीन गोष्टी लेखी मागा : वाहनांच्या व पादचाऱ्यांच्या मोजणीचे आकडे, फेटाळलेले पर्याय त्यांच्या कारणांसह, आणि अजून काय बदलू शकतं याची यादी. तिसरी मागणी सर्वांत कामाची. त्या यादीबाहेरच्या मुद्द्यावर तासभर भांडून हाती काही लागत नाही.

सुनावणी घेणाऱ्यांसाठीही एक सांगणं. पहिल्या फेरीत नकाशा आणूच नका. नकाशा समोर आला की लोक रेषांवर बोलतात, अडचण बाजूला राहते. त्याऐवजी चौकातून लोकांबरोबर तीनदा चाला : सकाळच्या गर्दीत, शाळा सुटताना आणि अंधार पडल्यावर. दुसऱ्या फेरीत दोन-तीन पर्याय मांडा आणि प्रत्येकात काय गमवावं लागेल तेही लिहा. तिसऱ्या फेरीत निवडलेल्या पर्यायाचा १:५०० प्रमाणातला तपशीलवार आराखडा. त्यातलं ‘फूटपाथ २.५ मी.’ कागदावर कोणालाच कळत नाही. जागेवर खडूने रेघ मारली की दोन मिनिटांत कळतं.

प्रश्न : आमच्या समितीकडे ६०० हरकती आल्या. त्यांतल्या ४०० एकाच छापील मजकुराच्या आहेत. त्या ४०० धरायच्या की एक?

मुद्दा एक, नोंद ४०० ची. बहुसंख्येने रस्ता आखायचा नसतो, पण एवढ्या लोकांनी सही का केली याची दखल घ्यावीच लागते. तक्त्यात हे रकाने ठेवा : क्रमांक, नेमकी जागा (चौकाची कोणती बाजू), मुद्दा, दिलेलं कारण, सुचवलेला बदल, उत्तर. उत्तर चारांपैकी एक : मान्य, अंशतः मान्य, अमान्य, या कामाच्या कक्षेबाहेर. प्रत्येकापुढे कारण. नुसतं ‘नोंद घेतली’ हे उत्तर नव्हे. हा तक्ता पुढच्या फेरीआधी जाहीर करा. नंतर केला तर लोक त्याला समारोपाचा कागद समजतात.

उरलेल्या २०० मध्ये एखादी एकटी हरकत सगळ्यांना भारी पडू शकते. उदाहरणार्थ, अग्निशमन बंबाच्या चालकाने ‘इथे मागचं चाक बेटावर चढेल’ असं लिहिलं असेल, तर ती बाजूला काढा आणि वळणाच्या मार्गाची आकृती काढून तपासा. लांब वाहनाचं मागचं चाक पुढच्या चाकापेक्षा आतून वळतं. आराखड्यात तीच जागा अनेकदा कर्बने, म्हणजे फूटपाथच्या उंच दगडी कडेने, भरलेली असते.

आणि हरकत न नोंदवणारे? रात्रपाळीचे कामगार, शाळकरी मुलं, काठी घेऊन चालणारे. हे सभागृहात येत नाहीत. बसथांब्यावर आणि शाळेच्या फाटकाशी जाऊन त्यांना विचारावं लागतं.

प्रश्न : चौकाच्या कोपऱ्यावर फूटपाथ रस्त्यात पुढे आणणार आहेत. दुकानदार म्हणतात कोंडी होईल आणि पाणी तुंबेल. खरं काय?

कोंडीचं बहुधा खोटं, पाण्याचं अगदी खरं ठरू शकतं.

आधी कोंडी. कोपऱ्यावर पुढे येणारा भाग पार्किंगच्या पट्ट्यातला असेल, तर चालती लेन शाबूत राहते. १४ मी. रुंद रस्ता दोन्ही बाजूंनी २ मी. आत घेतला की ओलांडायचं अंतर १० मी. होतं. सेकंदाला १.२ मी. चालणाऱ्याला पूर्वी सुमारे १२ सेकंद लागत, आता ८ पुरतात. ०.९ मी. वेगाने चालणाऱ्या वृद्धाला १५.५ ऐवजी ११. सिग्नलचा कालावधी पादचाऱ्यांच्या वेळेवर ठरत असेल, तर दर फेरीला चारेक सेकंद वाहनांना परत मिळतात. हिरव्या दिव्यात एका लेनमधून दोन सेकंदांना साधारण एक मोटार सुटते. म्हणजे फेरीला दोन मोटारी जास्त.

कोपऱ्याची त्रिज्या १२ वरून ६ मी. वर आणली की वळणाऱ्या गाडीचा वेगही उतरतो. इथे एक खाच आहे. मोटार कर्बला चिकटून वळत नाही. शेजारी पार्किंगचा पट्टा मोकळा असेल तर ती त्यावरून मोठा वळसा घेते, आणि कर्बची त्रिज्या कमी करूनही वेग तसाच राहतो. म्हणून कोपरा पुढे आणणं आणि त्रिज्या कमी करणं ही दोन्ही कामं एकत्रच करावीत.

आता पाणी. पावसाचं पाणी कर्बच्या कडेने वाहत जाळीपर्यंत जातं. पुढे आलेला कोपरा त्या वाटेवरचा बांध होतो आणि डबकं साठतं ते नेमकं झेब्रा पट्ट्यांच्या तोंडाशी. जुनी जाळी नव्या फूटपाथच्या पोटात गाडली गेली तर विचारूच नका. उपाय सोपा असतो, पण आधी केला तर : वाढवलेल्या कोपऱ्याच्या चढाकडच्या बाजूला नवी जाळी घालून ती पावसाळी गटाराला जोडायची. दुसरा मार्ग म्हणजे जुन्या कर्बच्या रेषेत झाकलेली पन्हळ ठेवणं. ती पानांनी तुंबते, त्यामुळे साफसफाईची जबाबदारी कोणाची हे आधी लिहून घ्या. रस्त्याचा लांबीतला उतार ०.५ टक्क्यापेक्षा कमी असेल तर दर ५ मी. वर पातळ्या घेतल्याशिवाय आराखडा मान्य करू नका.

जाता जाता : कर्ब १५ सें.मी. उंच असेल तर १:१२ उताराच्या चाकखुर्ची-उताराला १.८ मी. लांबी लागते. दोन मीटरच्या फूटपाथवर मग खुर्ची वळवायला जागाच उरत नाही. अशा वेळी अख्खा कोपराच खाली उतरवतात.

प्रश्न : द्रुतगती मार्गावर चढायला जवळ आणखी एक रॅम्प हवा आहे. जमीन रिकामी दिसते, तरी अभियंते ‘बसत नाही’ म्हणतात.

बसत नाही ते लांबीत. खालून जाणाऱ्या वाहनांसाठी ५.५ मी. मोकळी उंची आणि पुलाच्या तुळया-स्लॅबचे दीडेक मीटर धरा. म्हणजे रॅम्पला ७ मी. चढायचं आहे. ५ टक्के चढाला त्यासाठी १४० मी. लागतात. सुरुवातीला आणि माथ्यावर चढ हळूहळू बदलावा लागतो, म्हणून लांबी आणखी वाढते. वर पोचल्यावर वेग घ्यायला स्वतंत्र लेन हवी. तिची लांबीही शेकडो मीटरमध्ये मोजतात.

खरी अडचण पुढे आहे. नव्या रॅम्पनंतर लगेच बाहेर पडायचा रॅम्प असेल, तर चढणारे आत सरकतात आणि उतरणारे बाहेर, तेही एकाच पट्ट्यात. अभियंते याला वीव्हिंग म्हणतात. क्लोव्हरलीफमध्ये, म्हणजे चारही कोपऱ्यांत गोल वळणाचे रॅम्प (लूप) असलेल्या चौपानी आकाराच्या अदलाबदलीत, ते रचनेतच असतं : शेजारच्या दोन लूपांमधल्या तुटपुंज्या अंतरात ४० च्या वेगाने येणारी मोटार १०० च्या वेगाने जाणाऱ्यांत मिसळते. म्हणूनच फेररचनेत बरेचदा काही लूप काढून टाकतात, किंवा ही सरमिसळ मुख्य मार्गापासून तोडून शेजारच्या वेगळ्या रस्त्यावर नेतात.

हरकत लिहिताना ‘रॅम्प द्या’ असं लिहू नका. कुठून कुठे जायला किती वेळ लागतो ते लिहा. पुष्कळदा उत्तर सर्व्हिस रोडची तुटलेली कडी जोडण्यात निघतं.

प्रश्न : उतरत्या रॅम्पवरची रांग द्रुतगती मार्गावर पोचते. पूल रुंद करावा का?

आधी गळा कुठे आवळला आहे ते पाहा. बहुधा तो रॅम्पच्या पायथ्याच्या सिग्नलला असतो. तासाला ९०० मोटारी उतरतात आणि एका लेनला ४० टक्के वेळ हिरवा दिवा आहे असं समजा. दोन सेकंदांना एक मोटार या हिशेबाने सुटतात सुमारे ७२०. तासाभरात १८० साचतात. मोटारीमागे ७ मी. धरले तर रांग सव्वा किलोमीटरची. पूल दुप्पट रुंद केला तरी ती तसूभर कमी होणार नाही. रॅम्पच्या तोंडाशी शेवटच्या १०० मीटरमध्ये दुसरी लेन काढणं आणि रांग ठरावीक रेषेपर्यंत आली की हिरवा दिवा लांबवणारा सेन्सर रॅम्पमध्ये बसवणं, हे आधी करून पाहावं.

त्याने भागलं नाही तर डायव्हर्जिंग डायमंड. यात पुलावर दोन्ही दिशांची वाहतूक काही अंतरापुरती बाजू बदलते, त्यामुळे रॅम्पवर वळणाऱ्याला समोरच्यांना छेदावं लागत नाही आणि सिग्नल दोनच टप्प्यांत चालतो. फ्रान्समध्ये व्हर्सायला ही रचना आधीपासून होती. अमेरिकेत पहिली २००९ मध्ये मिझुरीतल्या स्प्रिंगफील्डला झाली. तोटेही आहेत. एका रॅम्पवरून उतरून समोरच्या रॅम्पवर सरळ चढता येत नाही, आणि पादचाऱ्यांची वाट बहुधा मधोमध न्यावी लागते. सुनावणीत मात्र लोक ‘उलट्या बाजूने’ या एका शब्दाला घाबरतात. तिथे वरून काढलेला नकाशा दाखवू नका, चालकाच्या नजरेतून दिसणारं चलच्चित्र दाखवा.

प्रश्न : चौकाची तात्पुरती चाचणी दोन आठवड्यांची ठरली आहे. पुरेल?

नाही. पहिले दोन आठवडे लोक चुकण्यातच जातात. किमान सहा ते आठ आठवडे हवेत. आधीची आणि नंतरची मोजणी सारख्याच दिवसांची, सुट्ट्या टाळून, दर १५ मिनिटांच्या नोंदींसह. समांतर गल्ल्याही मोजा, नाहीतर तिकडे ढकललेली वाहतूक ‘कमी झाली’ म्हणून खपून जाते. सुटे शंकू वापरू नका. ते रात्रीतून सरकतात आणि सकाळी भलताच चौक तयार होतो. बोल्टने बसवलेले परावर्तक खांब घ्या. आणि यश कशाला म्हणायचं (बसचा वेळ, ओलांडायला थांबावं लागणारा वेळ, वळणाचा वेग) हे पहिला खांब रोवण्याआधी जाहीर करा.

प्रश्न : जुना उन्नत मार्ग पाडायचा विचार आहे. लोक ‘नको’ म्हणाले तर?

म्हणतीलच. सॅन फ्रान्सिस्कोत एम्बार्काडेरो फ्रीवे हा उन्नत मार्ग पाडायला मतदारांनी १९८६ मध्ये नकार दिला होता. १९८९ च्या भूकंपात तो खिळखिळा झाला आणि १९९१ मध्ये पाडकाम सुरू झालं. दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये छोंग्येछन ओढ्यावरचा उन्नत मार्ग २००३ पासून हटवून २००५ मध्ये ५.८ कि.मी.चा प्रवाह खुला केला. त्याच सुमारास, २००४ मध्ये, शहराची बससेवाही नव्याने आखली, हे विसरू नये. पर्यायी बस नसताना नुसतं पाडकाम मांडलं तर ‘नको’ हे उत्तर रास्तच आहे.