बाळाच्या आधी थोरल्याचे कपाट

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहतो. ऑक्टोबरमध्ये जन्मलेला आमचा मुलगा आता साडेचार वर्षांचा होत आला आहे. मला सहावा महिना चालू असून बाळंतपण आषाढात अपेक्षित आहे. मुलांसाठी एकच लाकडी कपाट आहे आणि ते मुलाच्या कपड्यांनी व खेळण्यांनी गच्च भरलेले आहे. त्याची तान्हेपणीची झबली-दुपटी माळ्यावरच्या पेटीत डांबराच्या गोळ्या घालून ठेवली आहेत. बाळ येण्यापूर्वी कपाट लावून घ्यावे असे मला वाटते, परंतु जन्माआधी तयारी करू नये असे सासूबाईंचे म्हणणे आहे. सुरुवात कशी करावी?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तान्ह्या बाळाला पहिले काही महिने कपाटात जागा फारच थोडी लागते. झबली, टोपडी, लंगोट, दुपटी आणि दोन-तीन गोधड्या एका खणात सहज मावतात. खरी जागा अडते ती थोरल्याला आता न होणाऱ्या कपड्यांनी. म्हणून हे काम मुलाच्या नावाने सुरू करावे आणि ते आताच करावे, असे मी आग्रहाने सांगेन. बाळ घरी आल्यानंतर त्याचा खण रिकामा केला, तर बाळाने आपली जागा घेतली एवढेच त्याला कळेल. तोच बदल तीन महिने आधी झाला, तर बाळ येईपर्यंत तो त्याच्या अंगवळणी पडलेला असेल.

सुटीच्या दिवशी एकेक खण रिकामा करावा आणि जे कपडे होतात की नाही अशी शंका असेल, ते मुलाच्या अंगात घालूनच पाहावेत. कोणते कपडे बाळासाठी ठेवायचे आणि कोणते द्यायचे, हे शक्य तितके त्यालाच ठरवू द्यावे; एखादा आवडता सदरा तोकडा झाला तरी सोडवत नसेल, तर तो खुशाल राहू द्यावा. त्यानंतर त्याचे रोजचे कपडे त्याच्या हाताला येतील अशा खालच्या खणात आणावेत, म्हणजे सकाळी शाळेची तयारी तो बरीचशी स्वतः करू लागेल, आणि बाळंतपणानंतरच्या दिवसांत ही मदत तुम्हाला फार मोलाची वाटेल. सुटे मणी, छोटी चुंबके आणि बटणासारख्या बॅटरीची खेळणी मात्र आतापासूनच वरच्या बंद खणात ठेवावीत, कारण ती गिळली जाण्याचा धोका थोरल्यालाही आहेच.

माळ्यावरची पेटी घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी काढायला सांगावी. या दिवसांत स्टुलावर चढणे टाळावे. या पेटीबद्दल मला विशेष काळजी वाटते. डांबराच्या गोळ्या बहुधा नॅफ्थलिनच्या असतात आणि त्यांचा अंश कपड्यांत मुरतो. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचे विकर जन्मतःच कमी असते. अशा बाळांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलिनमुळे फुटून तीव्र कावीळ होऊ शकते, आणि आपले बाळ त्यांपैकी आहे की नाही हे घरी पाहून समजत नाही. तेव्हा गोळ्या काढून टाकाव्यात, कपडे धुऊन चैत्र-वैशाखाच्या उन्हात पुन्हा पुन्हा वाळवावेत, आणि एवढे करूनही ज्यांचा वास जात नाही ते बाळासाठी वापरू नयेत. पुढे कसर लागू नये म्हणून कपडे खळ न घालता, पूर्ण कोरडे करून ठेवावेत. सोबत वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्याची पुरचुंडी घालावी.

धुतलेले कपडे उलटे करून आतून पाहण्याचा कंटाळा करू नये. पायमोजे आणि हातमोजे यांच्या आतला सुटलेला धागा बाळाच्या बोटाभोवती आवळला जाऊन रक्तपुरवठा थांबू शकतो, म्हणून असे धागे कापून टाकावेत. कडक झालेले इलॅस्टिक आणि सैल बटणे असलेले कपडेही बाजूला काढावेत. राहिलेल्यांची मापानुसार गाठोडी बांधताना ऋतूचाही विचार करावा : थोरला पहिल्या थंडीत तीन महिन्यांचा होता, तर हे बाळ जानेवारीत सहा महिन्यांचे असेल, त्यामुळे त्याचे त्या वेळचे स्वेटर याला होणार नाहीत. उलट पावसाळ्यात वाळत घातलेले लवकर सुकत नसल्याने सुती लंगोट वापरणार असाल, तर दोन डझनही कमी पडतील. दमट कपडा कपाटात ठेवू नये, आणि कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेले असेल, तर बुरशी टाळण्यासाठी मागे थोडी फट सोडावी.

सासूबाईंच्या म्हणण्याकडे मी अंधश्रद्धा म्हणून पाहणार नाही. ज्या काळात कितीतरी बाळे जन्मतःच जात, त्या काळच्या घरांनी रिकाम्या झबल्यांचे दुःख सोसले आहे, आणि त्या भीतीचा मान राखूनही तुमचे काम होण्यासारखे आहे. आता काहीही नवे विकत आणू नये. तसेही बारशाला इतके कपडे येतात, की लहान मापाची खरेदी बहुतेक वाया जाते. बाळाला प्रथम जुने, मऊ कापड घालण्याची आपली रीत आहेच. सासूबाईंच्या जुन्या सुती साड्यांची दुपटी आणि लंगोट करून देण्याची विनंती त्यांनाच करावी, आणि धुतलेले गाठोडे त्यांच्या कपाटात, त्यांच्या ताब्यात ठेवावे. रुग्णालयात न्यायची पिशवी मात्र शेवटच्या महिन्यात भरलेली असावी, एवढे त्यांच्याशी आधीच बोलून घ्यावे.

बाळासाठी रिकामा केलेला खण तुमच्या कमरेच्या उंचीचा असावा, कारण बाळंतपणानंतर, विशेषतः सिझेरियन झाल्यास, वारंवार वाकणे आणि हात ताणणे त्रासाचे होते. बाळ जन्मल्यानंतर सासूबाईंनीच ते गाठोडे तिथे लावावे. जड वस्तू सर्वांत खाली ठेवाव्यात, आणि खालच्या खणातून आता मुलगा स्वतः कपडे घेणार असल्यामुळे तो वर चढला तरी कपाट कलंडणार नाही, अशा रीतीने ते सुताराकडून भिंतीला पक्के करून घ्यावे.