स्लॅब तापतो, मीटर पळतं

प्रश्न : काका, आमचं घर अकोल्यात. साधं स्लॅबचं, वर मजला नाही. मे महिन्याचं बिल ५२० युनिटचं आलं. दीड टनाचा एसी १८ वर ठेवला तरी बेडरूम गार व्हायला रात्रीचे बारा वाजतात. मुलगा म्हणतो, दोन टनाचा घेऊ. जाऊबाई म्हणतात, पीओपीचं सिलिंग करा. आमच्या ह्यांना सोलरचा ध्यास लागलाय. आधी काय करू? – एक वाचक, अकोला

उत्तर : ताई, आधी आज रात्री दहा वाजता पंखा बंद करून स्टुलावर चढा आणि छताला हात लावून बघा. नुसत्या कोमट भिंतीसारखं लागलं तर मी चुकलो. पण तसं होणार नाही. स्लॅबनं दिवसभर जे ऊन प्यायलं, ते खालच्या अंगाला पोचायला काही तास जातात, आणि नेमकं झोपायच्या वेळी ते खोलीत उतरतं. तुमचा एसी खोली नाही, स्लॅब गार करत बसलाय. दोन टनाचा आणाल तर तोही तेच करील.

आमचं जुनं घर धाब्याचं होतं. सागाच्या कड्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. मे महिन्यातही दुपारी आत झोप लागायची. (पावसाळ्यात गळायचं, हेही सांगतो, उगाच गोडवे नकोत.) १९९१ साली मीच ते पाडून स्लॅब टाकला आणि पहिल्याच उन्हाळ्यात आईची बोलणी खाल्ली. वीज मंडळात नोकरी करून एवढं कळलं नाही का, म्हणाली. तिचं बरोबर होतं.

तेव्हा पहिला खर्च गच्चीवर करा. गच्ची झाडून, धुऊन, भेगा बुजवून चुन्याचे दोन-तीन हात द्या. कळीचा चुना लोखंडी पिंपात आदल्या रात्री भिजवायचा. प्लास्टिकची बादली नको, चुना विरताना पाणी उकळतं. डोळे आणि हात सांभाळा, पोरांना जवळ येऊ देऊ नका. सकाळी गाळून त्यात थोडं फेविकॉल घाला, म्हणजे पांढरं बोटाला लागत नाही. पाऊस तो धुऊन काढतो, म्हणून आम्ही दरवर्षी होळी झाली की मारतो. हात मोकळा असेल तर गच्चीसाठी मिळणारा पांढरा उष्णतारोधक रंग घ्या, तो जास्त टिकतो. पण धूळ बसली की दोन्ही निकामी. अकोल्याची धूळ तुम्हाला मी काय सांगू! उन्हाळ्यात अधूनमधून झाडू फिरवत राहा. पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून चटई किंवा हिरवी जाळी टांगा. आतला पडदा ऊन घरात आल्यावर अडवतो, म्हणून त्याचा उपयोग कमी.

पीओपीनं थोडा फरक पडतो, पण स्लॅब तापायचा तो तापतोच. त्या पैशात गच्ची कितीदा पांढरी होईल, ते जाऊबाईंनाच विचारा.

एसी १८ वर ठेवल्यानं खोली लवकर गार होत नाही, नुसता कॉम्प्रेसर थांबत नाही. २६ वर ठेवा आणि पंखा मंद चालू द्या. एक अंश वाढवला की एसीची साधारण ६ टक्के वीज वाचते, हा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा हिशेब आहे. पंख्यांचंही बघा. जुना पंखा सुमारे ७५ वॅट खातो, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा ३०च्या आसपास. चार पंखे रोज चौदा तास चालत असतील तर महिन्याला ७५ युनिट वाचतात. आणि आपल्याकडे वीजदराला १००, ३०० आणि ५०० युनिटच्या पायऱ्या आहेत. सगळ्यात वरचे युनिट सगळ्यात महाग, आणि वाचतात ते तेच.

आता मला आवडणारी गोष्ट. घरातलं सगळं बंद करा, फ्रीजसुद्धा, पण मेन स्विच चालूच ठेवा. मग मीटरवरचा लाल दिवा बघा. किती लुकलुकीला एक युनिट, ते मीटरवरच छापलेलं असतं, बऱ्याच मीटरवर ३२००. माझ्याकडे सगळं बंद असताना दर दहा सेकंदांनी दिवा लुकलुकत होता. म्हणजे तासाला ३६० वेळा, ११२ वॅट, महिन्याला ८१ युनिट! चोर कोण? इन्व्हर्टरची म्हातारी बॅटरी. ती कधी भरतच नव्हती, रात्रंदिवस वीज ओढत होती. एवढी नोकरी करून माझ्याच जिन्याखाली हा प्रकार.

सोलर चांगलंच आहे, पण शेवटी. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, आणि एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतं. पण आधी वापर खाली आणा, मग किती किलोवॅट ते ठरवा. नाहीतर गळक्या हौदाला मोठी मोटर बसवल्यासारखं होईल. पॅनेल उंच घोडीवर बसवून घ्या, म्हणजे स्लॅबवर सावलीही पडेल.

प्रश्न : विदर्भातले पाहुणे कूलरचं फार कौतुक करतात. वीजही कमी लागते म्हणे. रत्नागिरीला घ्यावा का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नको. कूलर पाणी हवेत उडवून गारवा देतो. अकोल्याची मेमधली हवा कोरडी ठक्क, ती पाणी पिते. तुमची हवा आधीच ओली. कूलर लावलात तर घाम सुकणार नाही आणि पापड सादळतील. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा आणि एक बीएलडीसी पंखा घ्या. पाहुणे पुन्हा आले की त्यांना अंगणातच झोपवा.