पतसंस्थेच्या सर्व्हर रूमला गॅस सिस्टीम बसवली की आगीची काळजी मिटते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोकणातल्या तालुक्याच्या गावी पतसंस्थेचं मुख्य कार्यालय, त्यात दहा बाय बाराची सर्व्हर रूम, एकच रॅक, युपीएस आणि बॅटऱ्याही तिथेच. विक्रेत्याने एफएम-२०० गॅसची, म्हणजे खोलीत आग विझवणारा गॅस सोडणारी सिस्टीम सुचवली आहे. तेवढी बसवली की भागेल का?

नाही भागणार. सिस्टीम चांगली आहे, पण ती खोलीच्या आत लागलेल्या आगीसाठी आहे. मी सर्व्हर रूम आणि टेलिफोनच्या खोल्यांच्या अग्निसुरक्षेचंच काम करतो. माझ्या पाहण्यात यंत्रं जळून गेली त्यापेक्षा धुराने गेली ती जास्त, आणि तो धूर पुष्कळदा शेजारच्या खोलीतून आलेला. तुमच्या रेकॉर्ड रूममध्ये व्हाउचरचे गठ्ठे पेटले, तर सर्व्हर रूममधले डिटेक्टर बाहेरून आलेल्या धुरानेच वाजतील. गॅस सुटेल, पण आत विझवायला काही नसेल.

धुराला एवढं महत्त्व का, ते सांगतो. आपल्या बहुतेक वायरींवरचं आवरण पीव्हीसीचं असतं. शुद्ध पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतो. ज्वाळा दिसण्याची गरज नाही, वायर तापून करपायला लागली की त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. हवेतल्या ओलाव्याशी गाठ पडली की त्याचं आम्ल होतं, आणि काजळीबरोबर ते सर्किट बोर्डवर, कनेक्टरच्या पिनांवर, पंख्यांच्या बेअरिंगमध्ये जाऊन बसतं. कोकणातल्या पावसाळ्यात ओलाव्याची काय कमी! एका कार्यालयात स्टेशनरीच्या खोलीत वायरिंग जळालं. सर्व्हर रूमला झळसुद्धा लागली नव्हती. दुसऱ्या दिवशी सगळं सुरू झालं म्हणून मंडळी निश्चिंत. काही आठवड्यांनी पोर्ट एकेक करून बंद पडायला लागले. झाकण उघडलं तर स्क्रूंच्या डोक्यांवर तांबूस गंज, रॅमच्या खाचेजवळ हिरवट थर, आणि पांढरं फडकं फिरवलं की ते काळं. ती यंत्रं कुणीही वाचवू शकलं नाही.

टेलिफोनवाल्यांनी हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकला. ८ मे १९८८, रविवार. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात हिन्सडेल इथल्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये केबलच्या ट्रेजवळ आग लागली. सुट्टीमुळे इमारतीत कुणी नव्हतं. अलार्म वाजला तो दूर स्प्रिंगफील्डच्या नियंत्रण कक्षात, आणि अग्निशमन दलापर्यंत खबर पोचण्यात बराच वेळ गेला. आग इमारतीच्या एका भागातच होती, पण पीव्हीसीचा धूर सगळीकडे पसरला आणि न जळलेली यंत्रंही निकामी करून गेला. सुमारे ३५ हजार ग्राहकांचे फोन बंद पडले, शिकागोच्या विमानतळांची वाहतूक विस्कळीत झाली, आणि सेवा पूर्ववत व्हायला आठवडे लागले. तुमच्यासाठी यातला प्रश्न एकच आहे: रविवारी रात्री तुमचा अलार्म वाजला तर तो ऐकणार कोण? व्यवस्थापक आणि वॉचमन, दोघांच्याही मोबाइलवर फोन जाईल अशी ऑटो डायलरची सोय करा. खर्च किरकोळ आहे.

आता भिंती बघा. शिडी लावून फॉल्स सीलिंगची एक टाइल उचला आणि टॉर्च मारा. पार्टिशन स्लॅबपर्यंत गेलंय की सीलिंगपाशीच थांबलंय? बहुतेक ठिकाणी ते सीलिंगपाशी थांबलेलं असतं आणि वरून सगळी कार्यालयं एकमेकांना उघडी असतात. धुराचा हमरस्ता तोच. ती भिंत स्लॅबपर्यंत विटांनी किंवा अग्निरोधक बोर्डाने बंद करून घ्या. केबल जिथून आत येतात ती भोकं आगीत फुगणाऱ्या फायर सीलंटने बुजवा. वायरमन साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम मारून मोकळा होतो. तो फोम स्वतःच पेटतो, तो चालवून घेऊ नका. दाराला डोअर क्लोजर आणि खाली सील हवं. बाहेरची हवा आत घेणारा पंखा असेल तर अलार्म वाजताच तो बंद पडला पाहिजे.

नवीन केबल टाकताना आणखी एक गोष्ट. 'एफआरएलएस' लिहिलेली वायर म्हणजे धुराची चिंता नाही, असा समज सगळीकडे आहे. ती लवकर पेट घेत नाही, धूरही कमी करते, पण आवरण पीव्हीसीचंच असतं, म्हणजे आम्ल थोडंफार निघणारच. सर्व्हर रूमसाठी हॅलोजनविरहित, म्हणजे आवरणात क्लोरीनसारखी द्रव्यं नसलेली वायर मागा; तिच्यावर एलएसझेडएच किंवा एचएफएफआर लिहिलेलं असतं. थोडी महाग पडेल, पण द्या ते पैसे.

दाराबाहेर लाल सिलिंडर टांगलेला असेल, त्यावर 'एबीसी' लिहिलंय का बघा. तो अमोनियम फॉस्फेटच्या पावडरचा. रॅकवर मारला तर आग विझेल, पण ती पावडर ओलावा धरून तांबं खाते, म्हणजे पुन्हा तेच. तिथे हाताने उचलता येणारा कार्बन डायऑक्साइडचा किंवा क्लीन एजंटचा (मागे पावडर न ठेवणारा) सिलिंडर ठेवा आणि एबीसी कार्यालयाच्या बाकी भागाला जाऊ द्या. मात्र पूर्ण खोलीत कार्बन डायऑक्साइड सोडणारी सिस्टीम कुणी स्वस्तात देऊ केली तर स्पष्ट नकार द्या. त्या प्रमाणात तो माणूस मारतो.

बॅटऱ्यांबद्दल मी हट्टी आहे. त्या रॅकच्या खोलीत नकोतच. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्या हलवताना आग लागली. शेकडो सरकारी सेवा बंद पडल्या आणि कर्मचाऱ्यांच्या फायली ठेवायची एक प्रणाली, ८५८ टेराबाइटची, कायमची गेली, कारण तिचा बॅकअपच नव्हता. लिथियम बॅटरी आतून तापत सुटली की एफएम-२०० तिला थांबवू शकत नाही. तेव्हा बॅटऱ्या वेगळ्या, हवेशीर खोलीत हलवा. कर्ज आणि ठेवींच्या नोंदींची एक प्रत रोज दुसऱ्या गावच्या शाखेत किंवा क्लाउडवर गेलीच पाहिजे. त्याच इमारतीतल्या कपाटातली हार्ड डिस्क मी बॅकअप धरत नाही.

एवढं झालं की खुशाल गॅस घ्या. एफएम-२०० दहा सेकंदांत सुटतो, पण आग पुन्हा भडकू नये म्हणून साधारण दहा मिनिटं तो खोलीत टिकायला हवा. म्हणूनच वर भोकं बुजवायला सांगितलं. विक्रेत्याकडून डोअर फॅन टेस्टचा अहवाल लेखी मागा. खोली गॅस किती वेळ धरते ते त्यात कळतं. अहवाल द्यायला टाळाटाळ झाली तर विक्रेता बदला. दोन वेगळ्या डिटेक्टरांनी खात्री दिल्यावरच गॅस सुटावा आणि त्याआधी एसी बंद व्हावा, हेही करारात लिहून घ्या. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र (बी फॉर्म) जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. ते सही करण्यापुरतं ठेवू नका, त्या दिवशी अलार्म प्रत्यक्ष वाजवून बघा.

आणि एवढं करूनही कधी धूर आत आलाच, तर यंत्रं चालू करून बघायचा मोह टाळा. मेन स्विच बंद करा, युपीएसच्या बॅटऱ्याही सोडवा. विमा सर्व्हेयर येईपर्यंत सगळ्याचे फोटो काढून ठेवा, खोली बंद करून डिह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) लावा आणि आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली आणा. ओल्या फडक्याने कुणालाही पुसू देऊ नका. क्लोराइडची तपासणी करून बोर्ड धुणारे तज्ज्ञ असतात. त्यांना पहिल्या दिवशीच बोलावलं तर बरंचसं वाचतं.