ओरखडा काढून दगड ओळखता येतो का?

तुमचा प्रश्न असा: सह्याद्रीत भटकताना दोन पांढरे, चकचकीत तुकडे सापडले, ते गारगोटीचे की कॅल्साइटचे हे घरी खरवडून कळेल का? आणि मोह्स श्रेणीत, म्हणजे खनिजांच्या कठीणपणाच्या १ ते १० क्रमवारीत, एकाला ७ आणि दुसऱ्याला ३ म्हणजे पहिला दुपटीहून जास्त कठीण का?

आधी दुसऱ्याचं उत्तर देतो, ते छोटं आहे. नुसत्या अंकांवरून तसं म्हणता येत नाही. फ्रीडरिश मोह्स या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये दहा खनिजं ओळीने लावली ती फक्त कोण कोणाला ओरबाडतं एवढं बघून. शंखजिरं १, जिप्सम २, कॅल्साइट ३, मग फ्लोराइट, अपेटाइट, ऑर्थोक्लेज, ७ वर गारगोटी, ८ पुष्कराज, ९ कुरुंद आणि १० हिरा. हे वर्गातल्या नंबरासारखं आहे. पहिल्या-दुसऱ्यात किती गुणांचं अंतर आहे हे नंबरावरून कळत नाही. कुरुंद आणि हिरा यांच्यात अंक एकाचाच, पण खरी दरी १ ते ९ मधल्या सगळ्या अंतराहून मोठी. (कुरुंद म्हणजे माणिक आणि नीलम ज्याचे बनतात तोच. इंग्रजांनी 'कोरंडम' हा शब्द आपल्याकडूनच, तमिळमधून उचलला.)

आता तुमचे तुकडे. फुटक्या बाटलीचा किंवा जुन्या खिडकीचा काचेचा तुकडा टेबलावर सपाट ठेवा, हातात धरू नका. काच साधारण साडेपाच. दगडाचं टोक तिच्यावर दाबून एकदाच ओढा. गारगोटी असेल तर करकर हाताला जाणवते आणि चर पडते. कॅल्साइट नुसता घसरतो.

नवखा माणूस फसतो तो यानंतर. काचेवर पांढरी रेघ दिसते आणि तो म्हणतो, ओरखडा पडला! ती बहुतेक वेळा दगडाचीच पूड असते, फळ्यावर खडू उमटावा तशी. बोट ओलं करून रेघ पुसा, मग त्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर ओरखडा, रेघ पुसून गेली तर झिजला तो तुमचा दगड. आणि उलटंही करून बघा, म्हणजे काचेच्या कडेने दगडावर ओढा. दोन्ही बाजूंनी एकच उत्तर आलं तरच ते धरा.

कठीणपणाच्या तक्त्यांत 'तांब्याचं नाणं, ३' असं लिहिलेलं असतं. आपली हल्लीची रुपया-दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची आहेत, त्यांनी चाचणी केलीत तर सगळंच चुकेल. इलेक्ट्रिशियनकडून जाड तांब्याच्या तारेचा तुकडा मागून घ्या. नख अडीच, तार तीनच्या आसपास, चाकूचं पातं साडेपाचच्या जवळपास. घरातली पेटी एवढ्यावर तयार होते.

दगड भुसभुशीत किंवा बारीक कणांचा असेल तर या चाचणीवर विश्वास ठेवू नका. तिथे कण सुटे होऊन पडतात आणि आपल्याला वाटतं ओरखडा पडला. कायनाइटसारखं खनिज तर लांबीच्या दिशेने चाकूने ओरबाडलं जातं आणि आडवं ओढलं तर दाद देत नाही. आणि अंगठीतल्या खड्यावर हा प्रयोग कृपया नको. 'काच कापली म्हणजे हिरा' हे ऐकायला छान आहे, पण काच गारगोटीनेही कापली जाते.

तुमचे तुकडे मात्र या दोन्हींपैकी नसण्याचीही शक्यता आहे. आपल्या बेसॉल्टच्या, म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या खडकाच्या, पोकळ्यांत स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट अशी खनिजं भरपूर मिळतात. स्टिलबाइट-ह्यूलँडाइट साडेतीन-चारच्या घरात, म्हणजे कॅल्साइटच्या अगदी शेजारी, आणि इतक्या जवळचा फरक घरच्या ओरखड्याने सांगणं अवघड. तिथे थेंबभर व्हिनेगर कामाला येतं. तुकडा थोडा खरवडून पुडीवर टाका. कॅल्साइट बुडबुडे सोडतो, बाकीचे ढिम्म.

अपोफिलाइटने मला स्वतःला फसवलंय. एका लेण्यांच्या पायथ्याशी मी 'अस्सल स्फटिक' म्हणून एक पारदर्शक, टोकदार तुकडा घेतला. घरी आल्यावर शेंड्याच्या बाजू मोजल्या तर चार. गारगोटीला सहा असतात. तेवढ्यावर थांबायचं सोडून मी खात्री करायला चाकू घेतला, तोही नेमका शेंड्याजवळ. अपोफिलाइट साडेचार-पाचचा, ओरखडा पडलाच, पण त्याला आडवा सहज फुटण्याची खोड असते हे मी विसरलो होतो. टक् आवाज आला आणि शेंडा टेबलाखाली. म्हणून कुठलाही तुकडा तपासायचा तर मागच्या, खडबडीत बाजूला. माझा तो शेंडा अजून खणात काडेपेटीत आहे. तुटलेल्या सपाट बाजूवर मोत्यासारखी झाक आहे, आणि गारगोटी फुटली तर असं सपाट अंग कधी देत नाही, काचेसारखी वाकडीतिकडी फुटते. चाकू काढण्याआधी तुमच्या तुकड्यांची तुटलेली बाजू उजेडात धरून एवढं बघून घ्या.