टिप्याला जर्मनीला नेण्याआधी

प्रिय पोरी,

मेसेज मिळाला. नोकरी श्टुटगार्टला, करार तीन वर्षांचा आणि आपल्या कुत्र्याशिवाय, टिप्याशिवाय, जायचं नाही, एवढं कळलं. 'मावशी, तिकीट कधीचं काढू' हा प्रश्न दोन ओळींत उरकण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. रविवारी चहा घेऊन निवांत वाच.

तिकीट इतक्यात काढूच नकोस.

सहा-आठ महिन्यांसाठी जाणार असतीस तर टिप्याला आईबाबांकडे ठेव, असंच सांगितलं असतं. एवढ्याशा मुदतीसाठी कुत्र्याला दोनदा विमानाच्या पोटात घालणं ही आपली हौस असते, त्याची नव्हे. तीन वर्षांची गोष्ट वेगळी. पण मग परतीची तयारी आत्तापासूनच धर. लोक जाण्याचे कागद जिवाचं रान करून जमवतात आणि परतीचं 'तेव्हाचं तेव्हा बघू' म्हणतात. मी ज्यांना ज्यांना या कामात मदत केली, त्यांतले बहुतेक येताना अडकले. जाताना कुणी फारसं अडकलं नाही.

सुरुवात मायक्रोचिपपासून. पंधरा आकडी, आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची चिप हवी. ती आधी, रेबीजची लस नंतर. टिप्याला गेल्या वर्षी लस दिली होती आणि चिप नव्हती, तर युरोपच्या हिशेबी ती लस झालीच नाही. चिप बसवून पुन्हा टोचून घ्यावी लागेल. लसीनंतर किमान तीस दिवस गेले की रक्त काढायचं आणि रेबीजची टायटर टेस्ट करायची, म्हणजे लसीने रक्तात पुरेशी प्रतिपिंडं तयार झालीत का ते बघायचं. तपासणी युरोपियन युनियनची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतच झाली पाहिजे, कोपऱ्यावरची लॅब चालत नाही. निकाल ०.५ आययू प्रति मिली किंवा त्याहून वर यायला हवा. आणि मग रक्त काढल्याच्या दिवसापासून तीन महिने थांबायचं. इथे लोकांचा घोटाळा होतो, रिपोर्ट हातात आल्याच्या तारखेपासून मोजतात.

म्हणजे बघ, १ जूनला चिप आणि लस, ३ जुलैला रक्त, तर टिप्या ३ ऑक्टोबरच्या आधी जर्मनीत पाऊल टाकू शकत नाही. मधे एखादा आठवडा डॉक्टर गावाला जातील, कुरियरवाला घोळ घालेल. पाच-सहा महिने धरून चाल. कंपनीला लवकर हवी असशील तर तू पुढे जा, पण मग कुत्रा तुझ्या प्रवासाच्या पाच दिवस अलीकडे-पलीकडेच गेला पाहिजे. त्याहून जास्त अंतर पडलं की तो 'व्यापारी' माल ठरतो आणि नियमांचं वेगळंच पुस्तक उघडतं. त्यापेक्षा रुजू व्हायची तारीखच पुढे ढकलून माग. मागायला लाजू नकोस, जर्मन लोकांना कुत्र्याचं कारण पटतं.

एवढा जाच कशासाठी, असं वाटेल. जर्मनीने जंगलातल्या कोल्ह्यांना लस भरलेली आमिषं टाकून टाकून रेबीज संपवला आणि २००८ पासून तो देश जमिनीवरच्या रेबीजपासून मुक्त मानला जातो. पुढे २०२१ मध्ये तुर्कस्तानातून बेकायदा आणलेल्या एका पिल्लाला ब्रेमेनमध्ये रेबीज निघाला आणि मोठी धावपळ झाली. आपल्याकडे रेबीज आहे, गल्लीगल्लीत आहे. त्यांची भीती खोटी नाही. काउंटरवरच्या माणसाशी हुज्जत घालताना हे आठव.

निघायच्या आधीच्या आठवड्यात मुंबईच्या एक्यूसीएसचं, म्हणजे केंद्र सरकारच्या प्राणी क्वारंटाइन कार्यालयाचं काम. त्यांनी दिलेल्या आरोग्य प्रमाणपत्रावर तू युरोपात शिरणार. दाखला दिल्यापासून दहा दिवसांत युरोपच्या दारात पोचायला हवं, म्हणून फार आधी घेऊन उपयोग नाही. कागद हातात पडला की तिथेच, खुर्चीवरून न उठता, चिपचा नंबर तपास. एकीने लसीच्या पुस्तकातून एकेक आकडा मोठ्याने वाचायचा, दुसरीने दाखल्यावर बोट ठेवत जायचं. तीनाचा आठ झालेला मी डोळ्यांनी पाहिलाय. मग चिपचा नंबर, लसीची तारीख, रक्त काढल्याची तारीख हे तिन्ही सगळ्या कागदांवर सारखं आहे ना ते बघ. आणि त्याआधी पुण्यातच डॉक्टरांकडे स्कॅनर फिरवून घे. चिप कधीकधी मानेवरून खांद्याकडे सरकते, त्यामुळे स्कॅनर नुसता मानेवर टेकवून भागत नाही.

हा दाखला जपून ठेव. परत येताना 'हा कुत्रा इथूनच गेला होता' हे सांगणारा तुझा साक्षीदार तोच.

आता विमान. लुफ्तान्सात पिशवीसकट आठ किलोपर्यंतचा कुत्रा पायाशी ठेवता येतो. टिप्या तेवढा कधी होता? पिल्लू असताना. तो खालीच जाणार. खालचा तो कप्पाही हवेच्या दाबाचा असतो, तापमान राखलेलं असतं, त्यामुळे 'सामानात टाकला' असं रडू नकोस. मुंबईहून फ्रँकफर्ट किंवा म्युनिकचं थेट विमान घे. आखाती शहरात उतरून बदलायचं विमान स्वस्त पडेल, पण उन्हाळ्यात तिथल्या धावपट्टीवर त्याचा क्रेट, म्हणजे प्रवासाचा पिंजरा, उभा राहणं मला मंजूर नाही. लंडनमार्गे तर मुळीच नको, ब्रिटनमध्ये विमानाने कुत्रा फक्त कार्गोने, म्हणजे वेगळा माल म्हणूनच, उतरतो. आपल्याकडची युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, ते टिप्याच्या पथ्यावर पडेल. माणसांचं तिकीट काढण्याआधी फोन करून कुत्र्याची जागा पक्की कर, एका विमानात मोजकेच प्राणी घेतात. टिप्या गल्लीतला आहे, लांब नाकाचा आहे, हे तुझं नशीब. पग किंवा बुलडॉग असता तर अनेक कंपन्यांनी दारातूनच परत पाठवलं असतं. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उष्ण, कोंदट हवेत श्वास पुरत नाही.

क्रेटचं माप दुकानदाराला विचारू नकोस, टिप्याला विचार. उभा राहिला की कान टपाला लागता कामा नयेत, एका दमात गिरकी घेता आली पाहिजे, पाय ताणून आडवं होता आलं पाहिजे. दार लोखंडी जाळीचं, दोन्ही भाग नट-बोल्टने आवळलेले, पाण्याची वाटी दार न उघडता बाहेरून भरता येईल अशी. क्रेट आजच आण. दार काढून हॉलमध्ये ठेव आणि जेवण आत द्यायला लाग. आधी तो मान आत घालून, मागचे पाय बाहेर रोवून जेवेल. जेवू दे. काही दिवसांनी मागचे पायही आत जातील. मग दार बसव, मग लाव, मग दिवा मालवून बाजूला बस. शेवटच्या महिन्यात त्याने दुपारची झोप आपणहून तिथे काढली पाहिजे. तुझा एक न धुतलेला टी-शर्ट आत टाक. झोपेचं औषध मात्र कुणी कितीही गळ घातली तरी देऊ नकोस. गुंगीत रक्तदाब उतरतो, शरीराला तापमान सांभाळता येत नाही, आणि वरून बघायला कुणी नसतं. गुंगीतला प्राणी दिसला की कंपन्या चढवूनही घेत नाहीत.

एजंटांबद्दल विचारशीलच. लाखांत पैसे घेतात. क्रेट आणि विमानाची जागा त्यांच्यावर सोड हवं तर. कागद स्वतः कर, कारण तारखांचं गणित तुझ्या डोक्यात पाहिजे.

पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात तिथल्या डॉक्टरांकडून युरोपचा प्राणी-पासपोर्ट करून घे, निळी पुस्तिका असते. नगरपालिकेत नोंदणी कर, कुत्र्यावर कर लागतो, त्याला हुंडेश्टॉयर म्हणतात, रक्कम गावोगावी वेगळी. बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्याला वर्षाला १२० युरो आहे, त्यावरून अंदाज घे. जबाबदारीचा विमा काही राज्यांत सक्तीचा आहे. सक्ती असो नसो, तू काढच. टिप्या सायकलवाल्याच्या आडवा गेला आणि तो पडला, तर खर्च तुझ्या माथी.

घराचं जरा कठीण आहे. घरभाड्याच्या करारात कुत्र्या-मांजरांना सरसकट बंदी घालता येत नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. पण दहा अर्जदारांतून कुणाला निवडायचं हे घरमालकाच्याच हातात असतं. तेव्हा टिप्याची माहिती अर्जातच दे, फोटोसकट. आणि भुंकणं आत्ताच कमी कर. आपल्या गल्लीत स्कूटरवर भुंकणारा कुत्रा राखणदार ठरतो, तिथे शेजारी तक्रार लिहितात. रेल्वेत मोठ्या कुत्र्याला अर्धं तिकीट आणि तोंडाला मुस्कं लागतं, त्याचीही सवय पुण्यातच लाव. फ्रँकफर्टच्या विमानतळावरूनच श्टुटगार्टची गाडी मिळते, सव्वा तासाचा रस्ता आहे. पहिल्याच दिवशी मुस्क्यासाठी झटापट नको. आणि तिथे कायदाच आहे, कुत्र्याला बाहेर पुरेसं फिरवायचं. टिप्या त्या कायद्यावर खूश होईल.

आता परतीचं. रेबीजची लस एक दिवससुद्धा चुकू देऊ नकोस. खंड पडला की टायटरचा रिपोर्टही निकामी होतो आणि सगळी साखळी पहिल्यापासून. तिथले डॉक्टर म्हणतील, लस तीन वर्षं चालते. त्यांचं खरं आहे. तरी भारतात येण्याआधी, किमान महिनाभर अगोदर, नवी लस टोचून घे. वर्षभराच्या आतली नोंद पासपोर्टात असली की इथल्या टेबलावर वाद उरत नाही. डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टो या रोगांवरच्या लसींच्या नोंदीही त्यातच असू देत. तिथल्या सरकारी पशुवैद्याचा, आम्ट्सटिअरआर्ट्स्टचा आरोग्य दाखला घे, आणि मुंबईच्या एक्यूसीएसची ना-हरकत विमानात बसण्याआधी हातात ठेव, उतरल्यावर मागायची नसते.

दोन वर्षांहून जास्त सलग बाहेर राहून कायमचं परतणाऱ्याला सामानासोबत दोनपर्यंत पाळीव प्राणी आणता येतात. तुझी तीन वर्षं त्यात बसतात. नोकरी मधेच सोडून दीड वर्षात परत यायची वेळ आली, तर मात्र जातानाच्या कागदांवर भिस्त. त्यांच्या स्कॅन प्रती आईच्या मेलवरही ठेव.

दिवाळीला सुट्टीवर येताना त्याला आणू नकोस, सांभाळणारे तिथे चांगले मिळतात. घरात काही अडचण निघून आणावंच लागलं, तर निघण्याआधी जर्मनीत टायटर करून त्याची नोंद पासपोर्टात करून घे. तशी नोंद असली की जर्मनीत परत शिरताना ते तीन महिने थांबावं लागत नाही. हे फार कमी लोकांना माहीत असतं.

कायमचं परतायचं ते डिसेंबर-जानेवारीत परत. तिथली थंडी अंगावर वागवलेला कुत्रा मे महिन्यात पुण्यात उतरवला तर धापा टाकेल. गोचिडांचं औषध पहिल्या दिवसापासून सुरू कर, आपल्याकडे गोचीडतापाने चांगली धडधाकट कुत्री आडवी होतात. गल्लीतले जुने सोबती त्याला ओळखतीलच असं नाही, आठवडाभर पट्ट्यावरच फिरव.

आज संध्याकाळी एवढंच कर: टिप्याच्या लसीच्या पुस्तकाची सगळी पानं उजेडात धरून फोटो काढ आणि मला पाठव. चिप बसवली असेल तर तिचा स्टिकरही. तारखा बघून रक्त कधी काढायचं ते सांगते.

तुझी,
मावशी